शिरोळला ठेवलेला फोटो

मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरला रविवारी सकाळी गर्दी कमी असते. जयसिंगपूरला उतरले तेव्हा फलाटावर धुकं होतं आणि बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. जानेवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. या दिवसांत शिरोळ तालुक्याच्या हवेलाही मळीचा वास असतो. जुनी माणसं या स्टेशनाला अजून ‘शिरोळ रोड’ म्हणतात. जयसिंगपूर हे नाव नंतरचं. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली.

मी एक फोटो आणायला निघाले होते. पर्समध्ये जाड पुठ्ठ्याचं पाकीट होतं. ते चुरगळू नये म्हणून दोन वह्यांच्या मध्ये ठेवलं होतं. मोकळंच होतं.

माझी दादी फोटो काढू देत नसे. कॅमेरा दिसला की पदर पुढं ओढून ती सरळ आत जायची. ज्या घरात तस्वीर असते तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे तिनं लहानपणी ऐकलेलं होतं आणि ते तिनं जन्मभर पाळलं. आमच्या भिंतीवर कॅलेंडर असायचं तेही मक्का-मदिनेचं. आमच्या अब्बांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, हातानं काढलेलं चित्र वेगळं आणि कॅमेऱ्यातला फोटो वेगळा. हा वाद काही आमच्या घरात सुरू झाला नाही. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला एक रिसाला लिहून फोटो जायज ठरवला होता. त्यांचं म्हणणं असं की फोटो म्हणजे नवीन काही घडवणं नव्हे, असलेली सावली धरून ठेवणं आहे. आपल्याकडच्या अनेक उलमांना ते पटलं नाही. पासपोर्ट, ओळखपत्र अशा गरजेपुरताच फोटो चालेल, असं ते सांगत आले. आजही दोन्ही मतांची घरं आपल्यात आहेत आणि या मासिकाच्या वाचकांतही असतील. मी इथं निवाडा करायला बसलेले नाही. मला फक्त भाषेची एक गंमत सांगायची आहे, कारण दोन भाषा शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. उर्दूत फोटोग्राफीला ‘अक्कासी’ म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब, पाण्यात किंवा आरशात दिसतं ते. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो, म्हणजे सावलीचं चित्र. इजिप्तच्या त्या मुफ्तींना मराठी येत नव्हतं, पण त्यांचा मुद्दा मराठीनं एका शब्दात बसवून टाकला आहे.

दादीचा एक फोटो मात्र निघाला, गरजेपुरता. 1993 साली, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरलं. पुढं कधीतरी आमच्या कुरुंदवाडच्या शाळेत फोटोवाला बसला. गल्लीतल्या सगळ्या बायका मिळून गेल्या. दादीनं नकाब वर केला, श्वास धरला आणि फोटो निघाला. कार्ड आलं तेव्हा त्यावर एक घाबरलेली, काळपट, कुणीतरी दुसरीच बाई होती. नाव तेवढं दादीचं, आणि त्याचंही स्पेलिंग चुकलेलं. दादी 2003 साली गेली. मग तेच कार्ड आमची दादी झालं. अम्मीनं ते ट्रंकेत, दादीच्या जानमाजच्या घडीत ठेवलं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम चढल्या. या दोन नद्या नृसिंहवाडीला मिळतात आणि पलीकडंच कुरुंदवाड आहे. पाणी एकदा तुंबलं की आम्हाला तीन बाजूंनी नदी असते. आमचं घर खालच्या गल्लीत. माणसं बाहेर निघाली, जनावरं निघाली, ट्रंक राहिली. त्या वर्षी 12 ऑगस्टला बकरी ईद होती; आमची ईद एका शाळेच्या वर्गात, बाकांवर झाली. पाणी ओसरल्यावर अम्मीनं ट्रंक उघडली तेव्हा आत चिखलाचा गोळा होता. कार्डाचं प्लास्टिक सुटून आतल्या कागदाचा लगदा झाला होता. बाकीचे फोटो, म्हणजे अब्बांच्या नोकरीतले, आमच्या शाळेतले, माझ्या लग्नातले, एकमेकांना चिकटून वीट झाली होती.

इथं आम्ही जी चूक केली ती सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही ती वीट गच्चीवर उन्हात ठेवली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. भिजला की तो फुगतो, मऊ होतो, आणि तसाच वाळला की शेजारच्या फोटोला डिंकासारखा धरतो. भिजलेले फोटो आधी स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, पाण्यातच हलकेच सुटे करायचे, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुती कापडावर पसरायचे. तेवढी सवड नसेल तर मध्ये मेणकागद घालून फ्रीजरमध्ये ठेवले तरी पुढं वाचवता येतात. हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही वाळलेली वीट सुरीनं सोडवायला गेलो. हातात माझ्या लग्नातला अर्धा मांडव आला आणि त्यावर उलटा चिकटलेला अब्बांचा एक कान.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं भिंत, भांडी, धान्य लिहून घेतलं. फोटोंचा रकाना त्याच्याकडं नव्हता. त्याचा काही दोष नाही.

जयसिंगपूरहून शिरोळला एस.टी.नं फार वेळ लागत नाही. खिडकीपाशी जागा मिळाली. पुढच्या बाकावरच्या माणसानं पेपर उघडला होता आणि त्यात कुठल्याशा कार्यक्रमाचा फोटो होता, टोपी घातलेला एक आणि फेटा बांधलेला एक, हातात हात. असे फोटो आमच्या कुरुंदवाडचे फार छापून येतात. आमच्या गावात काही मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. 2018 ते 2020 अशी तीन वर्षं मोहरम त्याच दिवसांत आला, तेव्हा पंजे आणि गणपती शेजारी शेजारी होते. फोटोवाले येतात, एक टोपी शोधतात, एक टिळा शोधतात, दोघांना जवळ उभं करतात. फोटो खोटा नसतो. पण एकदा तशा फोटोत आमच्या गल्लीतला एक पोरगा होता. फोटोखाली त्याचं नाव नव्हतं, ‘मुस्लिम युवक’ एवढंच. त्याच्या आईनं ते कात्रण मला वाचायला आणून दिलं. तिला वाटत होतं, नाव कुठंतरी बारीक अक्षरात असेल.

माणसाला नमुना करून टाकायची ही खोड कॅमेऱ्याला जुनीच आहे. 1857 नंतर इंग्रजांना हा देश नीट ‘ओळखून’ घ्यायचा होता. त्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं पुस्तक 1868 ते 1875 या काळात निघालं. देशभरच्या माणसांचे फोटो, आणि खाली नाव बहुतेक जातीचं नाहीतर जमातीचं. त्याच्याही आधी मुंबईत विल्यम जॉन्सन यानं तिथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, 1863 आणि 1866 साली. त्याची कृती तर और होती. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढायचे, मागचं देऊळ, घाट किंवा रस्ता दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचं. माणूस एकीकडचा, जमीन दुसरीकडची. त्या फोटोंतल्या बायकांच्या नजरेत मला दादीच्या मतदार कार्डावरची नजर दिसते. आपल्याला कुणीतरी मोजतंय, हे कळलेली नजर.

याच्या अगदी उलट काम आफ्रिकेत, माली देशातल्या बामाको शहरात एका मुसलमान फोटोग्राफरनं केलं. त्याचं नाव सेदू केता. 1948 साली त्यानं स्टुडिओ उघडला. त्याच्याकडं लोक आपल्या पायानं यायचे, आपले कपडे घालून, आणि कसं दिसायचं ते स्वतः ठरवायचे. स्टुडिओत घड्याळ, रेडिओ, स्कूटर असायची. ज्याला हवं त्यानं ते घेऊन बसावं. ठिपक्यांच्या, फुलांच्या कापडाचा पडदा मागं. केतानं ते फोटो त्या त्या घरांसाठी काढले. जगानं ते पाहिले ते पुष्कळ वर्षांनी. आपल्याकडंही गावोगाव असे स्टुडिओ होतेच. कोल्हापुरात तर पडदा रंगवणं ही मोठी कला होती; बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर सिनेमाकडं वळले ते आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून. फोटो स्टुडिओतला तो कमानीचा, जिन्याचा, तळ्यातल्या हंसांचा पडदा त्याच घराण्यातला म्हणायचा. आणि वाडीच्या जत्रेतला पुठ्ठ्याचा चंद्र कुणाला आठवत नाही? आमच्या मावशी आणि त्यांच्या तीन मैत्रिणी त्या चंद्रावर बसल्या होत्या. एक मुसलमान, एक लिंगायत, दोन मराठ्यांच्या. त्यासाठी कुणी त्यांना जवळ आणून उभं केलं नव्हतं. चंद्रावर जागा कमी होती म्हणून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

केताचं वाचल्यावर मी आमच्या आठवीच्या मुलांना एक काम दिलं. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचा फोटो मोबाइलवर काढायचा, पण आधी विचारायचं, ‘तुम्हाला कसं दिसायचंय? हातात काय घेणार?’ फोटो काढून देणार नाही असं कुणी म्हटलं तर त्यांच्या हातांचा किंवा वापरातल्या वस्तूचा काढायचा, आणि तोही विचारून. उजेडासाठी दाराजवळ बसवायचं, मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, वरून नाही. छापून घ्यायचा आणि मागं पेन्सिलीनं नाव, गाव, तारीख लिहायची. बॉलपेननं नाही, त्याची शाई उमटते. एका नदाफांच्या मुलाचे आजोबा म्हणाले, मला पिंजणासकट काढ. गाद्या आता मशीनवर भरतात. पिंजण माळ्यावर होतं, तार तुटलेली. नातू म्हणाला, नको, लोक हसतील, तुम्ही माझा गॉगल घाला. शेवटी दोन फोटो निघाले. पिंजणाच्या फोटोत म्हातारबाबा ताठ बसलेत, धनुष्य धरलेल्या राजासारखे. गॉगलच्या फोटोत ते हसू आवरतायत. वर्गात मुलांनी दोन्ही लावायला सांगितले. एका मुलीनं मात्र काहीच आणलं नाही. तिची आजी म्हणाली होती, ‘मेरा फोटो मेरे बाद किसके काम का?’ त्या मुलीला मी मार्क कमी दिले नाहीत.

तिच्या आजीच्या त्या प्रश्नामुळंच मी या प्रवासाला निघाले, असं म्हटलं तरी चालेल. त्याच आठवड्यात मला फोन आला. कुरुंदवाडला आमच्या भिंतीला भिंत लागून एक जैन कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणे. पुरानंतर त्या शिरोळला लेकीकडं राहायला गेल्या, त्या तिथंच राहिल्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत. फोनवर लेक बोलली, माझ्या माहेरची ताई. ‘आवराआवर करताना माझ्या लग्नाचा अल्बम निघाला. त्यात चाची आहेत. तू येऊन बघ.’

चाची म्हणजे माझी दादी.

मला पटेना. त्या लग्नात मी होते. 1988 साल, मी चौथीत. हळदीच्या आदल्या दिवशी दादी आपली बांगड्यांची दुरडी घेऊन गेली होती, एवढं आठवतं. आम्ही मणेर. गल्लीतल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा दादीनं भरलेला. बांगडी भरताना ती हात असा दाबायची की नवरीला कळायचंही नाही. एखादी फुटली तर ‘फुटली’ म्हणू द्यायची नाही, ‘वाढली’ म्हणायला लावायची, आणि स्वतःही बिस्मिल्ला म्हणूनच पहिली बांगडी चढवायची. दोन्ही तिच्या तोंडी एका दमात यायचं.

शिरोळ स्टँडवर उतरले. गाव तसं जुनं, पंचगंगेच्या काठचं. दत्तभक्त इथं भोजनपात्राच्या देवळाला येतात आणि मग वाडीला जातात. वाडीच्या देवळाला विजापूरच्या आदिलशहानं औरवाड आणि गौरवाड ही गावं इनाम दिली, असं तिथले लोक सांगतात. लहानपणी अब्बांबरोबर नदीवर गेलं की ते बोट दाखवून ही गोष्ट सांगायचे आणि परत येताना कवठाची बर्फी घ्यायचे. आदिलशहा पुष्कळसा विसरले, बर्फी लक्षात आहे.

ताईचं घर चढावर आहे, म्हणून तो अल्बम वाचला. लग्नानंतर ती माहेरून जे काही घेऊन आली त्यात तो होता. माहेरी राहिला असता तर आमच्या विटेशेजारी त्याचीही वीट झाली असती. आक्का सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून आधी ओळखलं नाही. मग हात हातात घेऊन बांगड्या चाचपल्या. ‘मोकळ्या हातानं आलीस व्हय गं? चाची असती तर रागं भरली असती.’ मी घड्याळ घातलं होतं, बांगड्या नव्हत्या.

अल्बम त्या काळच्या चिकट पानांचा होता, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला. पानं पिवळी पडलेली, फोटोंचे रंग लालसर झालेले. ताईनं एक पान उघडून समोर ठेवलं.

दादी जमिनीवर मांडी घालून बसलीय. समोर ताई, एकोणीस-वीस वर्षांची, हळदीच्या पिवळ्या साडीत. ताईचा हात दादीच्या दोन्ही हातांत. शेजारी दुरडी, हिरव्या बांगड्यांची माळ सुटलेली. दादीचा पदर डोक्यावर आहे पण मागं सरकलाय, आणि ती तोंड वर करून कुणाकडं तरी बघून हसतेय. पुढचा एक दात नाही. मला तो दात नसलेला आठवतच नव्हता.

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हणाले, ‘हिला कळलंच नसेल कुणी फोटो काढला ते.’

‘न कळायला काय झालं?’ आक्का म्हणाल्या. ‘माझ्याकडंच तर बघतीया. मी म्हटलं, चाची, आता पळालीस तर पोरीचा चुडा अर्धा राहील. तशीच बसली. अल्बम आला तवा दुपारची गुपचूप बघायला आली. दोनदा बघितला. म्हणाली, दात तेवढा असता तर बरं झालं असतं.’

‘मग घरी कधी बोलली नाही?’

‘मी म्हटलं एक प्रत काढून देते. नको म्हणाली. तुझ्याकडंच असू दे, आमच्या घरात नको. अधनंमधनं यायची बघायला. सणाला बांगड्या भरायला आली की पोरीचा अल्बम काढ म्हणायची. पोरीचं नाव पुढं करायची.’ आणि आक्का दात नसलेलं हसल्या. लग्नानंतर दोन-तीन वर्षं अल्बम माहेरीच होता, असं ताईनं मागून सांगितलं.

मी फोटो काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. प्लास्टिक उचलून नखानं कोपरा सोडवून बघितला. छत्तीस वर्षांत डिंक फोटोला पक्का धरून बसला होता. ओढला असता तर फाटला असता. ताई म्हणाली, मोबाइलवर काढ, त्यात काय एवढं. रीत मला ठाऊक होती. अल्बम दारापाशी सावलीत न्यायचा, प्लास्टिक वर करायचं, मोबाइल बरोबर समांतर धरायचा. मी तसा धरलाही. पडद्यावर दादी आली. मग मोबाइल खाली ठेवला.

‘काढ की,’ आक्का म्हणाल्या. ‘फोन म्हंजे काय घर हाय व्हय?’

मी म्हटलं, ‘आक्का, घरापेक्षा जास्त आहे. रात्री उशाशी असतो.’

त्यांनी थोडा विचार केला. अल्बम मिटला आणि मांडीवर घेतला. ‘मग ऱ्हाऊ दे इथं. मी हाय तवर ये बघायला. मी नसले तर ही हाय.’ ताईनं मान हलवली. अम्मीला कधी घेऊन येणार, तेही विचारून घेतलं. अम्मी गुडघ्यांमुळं प्रवास टाळते, पण यासाठी येईल.

चार वाजून गेले होते. जैनांच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत. मला उठू दिलं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, दही. जेवून निघताना आक्का म्हणाल्या, ‘एवढ्या लांबनं आलीस, रिकामी चाललीस. माझा काढ. तुझ्या घरात चालतो का माझा?’

मी म्हटलं, चालतो. अम्मी काही म्हणणार नाही.

खुर्ची दाराजवळ घेतली. कसं बसायचं, विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, परत घातला. पदर नीट केला. दोन्ही हात पुढं केले, बांगड्या दिसाव्यात म्हणून. अल्बम मांडीवर होताच, मिटलेला. ताई म्हणाली, आई, हस की. आक्का म्हणाल्या, ‘हसत न्हाई. एकीचा हसतानाचा हाय तेवढा बास.’ आणि तेवढ्यात हसल्याच.

परतीची गाडी यायला वेळ होता. जयसिंगपुरात एका स्टुडिओत पोस्टकार्ड साइझची प्रत काढून घेतली. मागं पेन्सिलीनं नाव लिहिलं, शिरोळ, आणि तारीख. पुठ्ठ्याच्या पाकिटात ती बरोबर बसली.